दुकान एक, मालक अनेक : सामाईक मिळकतीचा करार वेळीच लिहा

पेठेतल्या एखाद्या जुन्या दुकानाचा मालक कोण, असे विचारले तर गल्ल्यावर बसलेले भाई चटकन आपले किंवा आपल्या मरहूम वालिदांचे नाव सांगतात. तेच दुकान कायद्याच्या नजरेने पाहिले तर मालकांची मोजणी बोटांवर मावत नाही. त्यात लग्न होऊन कऱ्हाडला गेलेली आपा असते, मुंबईला स्थायिक झालेला धाकटा भाऊ असतो, वारलेल्या भावाची बेवा आणि तिची शाळकरी मुलेही असतात. सातारा आणि सांगली जिल्ह्यांतील आमच्या बहुतेक व्यापारी आणि कारागीर कुटुंबांची हीच स्थिती आहे. खाली दुकान किंवा कारखाना, वर माडीवर राहणे, मागे परसात गोदाम, आणि सगळे मिळून अविभक्त. रोजचा धंदा चालतो तोवर कोणाला काही जाणवत नाही. बँकेत कर्जाला गेले, महापालिकेकडे दुरुस्तीची परवानगी मागितली, रस्तारुंदीत पुढची पडवी गेली आणि मोबदला आला, की मग प्रत्येकाला आपला हिस्सा आठवतो.

वाटणी करून टाका, असे सांगणारे पुष्कळ भेटतात. पण बारा फुटी दर्शनी भागाचे दुकान आठ जणांत वाटले तर कोणाच्याच कामाचे राहत नाही. मिरजेतील सतारमेकरांचे काम पाहावे. सोलापूर जिल्ह्यातून आलेले भोपळे वाळवायला आणि साठवायला माळा लागतो, लाकूड मुरायला जागा लागते, तारा चढवून सूर लावायला शांत खोली लागते. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले, ही आपल्या सर्वांच्या अभिमानाची गोष्ट. परंतु कारखान्याच्या जागेची चार तुकड्यांत वाटणी झाली, तर मानांकनाचा कागद भिंतीवर लावायला तरी भिंत कोणाची, हा प्रश्न उरेल. म्हणून आमचे म्हणणे असे की, जी मिळकत तोडून उपयोगाची नाही ती तोडू नये, परंतु ती एकत्र कशी ठेवायची हे मात्र सर्व हिस्सेदारांनी गोडी असतानाच कागदावर लिहून काढावे.

सोळा आणे कसे फुटतात

आपल्याकडे 'एकत्र कुटुंब' हा शब्द सर्रास वापरला जातो आणि त्यातून मोठा गैरसमज होतो. हिंदू कायद्यातील अविभक्त कुटुंब, त्याचा कर्ता, मुलाला जन्मतःच मिळणारा हक्क, यांपैकी काहीही मुस्लिम वारसा कायद्यात नाही. वालिद हयात आहेत तोवर मिळकत त्यांची एकट्याची. त्यांनी डोळे मिटले की त्याच क्षणी, कफन-दफनाचा खर्च, देणी आणि वसीयत यांच्या अधीन राहून, प्रत्येक वारस आपापल्या ठरलेल्या हिश्शाचा मालक होतो. सर्वोच्च न्यायालयाने १९७१ साली सय्यद शाह गुलाम घौस मोहिउद्दीन यांच्या प्रकरणात हेच स्पष्ट केले आहे. वारस मिळकत एकत्र धारण करतात, पण हिस्से मात्र निश्चित असतात. थोरला भाऊ हा इतरांचा कर्ता नव्हे. त्याने सगळे दुकान विकले तरी खरेदीदाराला मिळतो तो त्या भावाचा हिस्साच.

एक साधा हिशेब मांडून पाहू. वालिद वारले, मागे बेवा, दोन मुलगे आणि तीन मुली. बेवेचा आठवा हिस्सा, म्हणजे दोन आणे. उरले चौदा आणे, मुलाला मुलीच्या दुप्पट या नियमाने प्रत्येक मुलाला चार आणे आणि प्रत्येक मुलीला दोन आणे. रुपया पुरा झाला. काही वर्षांनी अम्मीही गेल्या. त्यांचे दोन आणे पुन्हा याच पाच जणांत वाटले, की मुलाचा हिस्सा दोन सप्तमांश आणि मुलीचा एक सप्तमांश होतो. आण्यांचा हिशेब इथेच मोडला. पुढे एक भाऊ वारला, मागे बेवा, एक मुलगा आणि दोन मुली. त्याच्या दोन सप्तमांशातून भाभीला सगळ्या मिळकतीचा अठ्ठाविसावा हिस्सा, पुतण्याला आठवा आणि पुतणींना प्रत्येकी सोळावा. एकूण मालक आठ, आणि त्यांत तीन अज्ञान असू शकतात. हे सगळे अवघ्या दीड पिढीत घडते. घरपट्टीची पावती मात्र अजून आजोबांच्याच नावाने येत असते!

येथे भावांनी एक गोष्ट नीट ध्यानात घ्यावी. नगर भूमापनाच्या मालमत्ता पत्रकावर किंवा सातबारावर बहिणीचे नाव लागले नाही म्हणून तिचा हक्क जात नाही. तो उतारा मालकीचा अंतिम पुरावा नव्हे. भावाने तीस वर्षे एकट्याने दुकान चालवले तरी एका हिस्सेदाराचा कब्जा हा सर्वांच्या वतीने समजला जातो. बहिणीचा हक्क उघडपणे नाकारला गेला आणि त्यानंतर बारा वर्षे ती गप्प राहिली, तरच मुदतीचा प्रश्न उभा राहतो. म्हणजे 'इतकी वर्षे कोणी विचारले नाही' या भरवशावर दुकानात पैसा ओतणारा भाऊ वाळूवर बांधकाम करतो आहे, आणि आपला हक्क आहेच म्हणून कधीच न विचारणारी बहीणही काही सुरक्षित नाही.

आपाने माफ केले, पुढे काय?

ईदला माहेरी आलेल्या बहिणीने भावाला 'मला काही नको' म्हणावे आणि त्यावर सगळा व्यवहार मिटला असे समजावे, ही आपल्याकडची जुनी रीत. नुसत्या अशा बोलण्याने स्थावरातील हिस्सा दुसऱ्याच्या नावे जात नाही. बहिणीला खरोखर राजीखुशीने सोडायचे असेल तर हक्कसोडपत्र दुय्यम निबंधकाकडे नोंदवावे. महाराष्ट्रात वडिलोपार्जित मिळकतीचे हक्कसोडपत्र जवळच्या रक्ताच्या नात्यात असेल तर त्यावरचा स्टँप नाममात्र आहे, तेव्हा खर्चाची सबब चालणार नाही. दर अधूनमधून बदलतात, म्हणून कार्यालयात विचारूनच स्टँप घ्यावा.

दुसरा मार्ग हिब्याचा. देणाऱ्याने देतो म्हणणे, घेणाऱ्याने कबूल करणे आणि कब्जा देणे, या तीन गोष्टी पुऱ्या झाल्या तर तोंडी हिबाही कायद्यात टिकतो. २०११ साली हफीझा बीबी विरुद्ध शेख फरीद या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, असा हिबा कागदावर लिहिला म्हणून तो नोंदवलाच पाहिजे असे नाही. हा निकाल अनेक जण तोंडपाठ सांगतात. परंतु वीस वर्षांनी साक्षीदार हयात नसताना कब्जा दिला होता हे कोण शाबीत करणार? शिवाय अविभक्त हिश्शाचा हिबा म्हटला की 'मुशाअ'चा प्रश्न येतो. हनफी मतानुसार, वाटून देता येण्याजोग्या मिळकतीतील न वाटलेला हिस्सा बक्षीस दिला तर तो हिबा सदोष ठरतो, अगदीच रद्द होत नाही. सहवारसाला दिलेल्या हिश्शाला ही अडचण नाही, आणि मोठ्या व्यापारी शहरातील जमिनीलाही नाही, असे प्रिव्ही कौन्सिलने १९०७ साली रंगूनच्या एका प्रकरणात धरले. आता सातारा किंवा मिरज हे 'मोठे व्यापारी शहर' की नाही, यावर कोर्टात वाद घालत बसण्यापेक्षा नोंदणीचे शुल्क भरलेले स्वस्त पडते, असे आमचे मत आहे.

वालिद हयात असतानाच मुलींकडून 'आम्हाला हिस्सा नको' असे लिहून घेण्याची चालही आढळते. जो हक्क अजून मिळालेलाच नाही तो सोडता येत नाही, म्हणून असे लिखाण मुळात निरर्थक आहे. मात्र १९७३ सालच्या गुलाम अब्बास विरुद्ध हाजी कय्यूम अली या निकालाने त्याला एक पुरवणी जोडली. ज्याने मोबदला घेतला आणि इतरांना आपल्या शब्दावर विसंबू दिले, त्याला नंतर हिस्सा मागताना न्यायालय अडवू शकते. मुलींना काहीही न देता केवळ अंगठे घेणाऱ्यांना या निकालाचा आधार मिळेल असे समजू नये.

त्रयस्थ घरात आला तर

सामाईक मिळकतीतला खरा धोका बाहेरच्या खरेदीदाराचा. कोणताही हिस्सेदार आपला अविभक्त हिस्सा इतरांना न विचारता विकू शकतो, गहाण टाकू शकतो. मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ४४ ने त्याला मुभा दिली आहे. त्याच कलमात एक संरक्षणही आहे. अविभक्त कुटुंबाच्या राहत्या घरातील हिस्सा परक्याने घेतला तर त्याला घरात येऊन एकत्र कब्जा मागता येत नाही, वाटपाचाच दावा लावावा लागतो. तसा दावा त्याने लावला, तर १८९३ च्या वाटप कायद्याच्या कलम ४ प्रमाणे घरच्या हिस्सेदाराला तो हिस्सा न्यायालयाने ठरवलेल्या किमतीत परत घेता येतो. येथील 'अविभक्त कुटुंब' म्हणजे केवळ हिंदू कुटुंब नव्हे. अलाहाबाद उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने १९०८ सालीच मुस्लिम कुटुंबाला हे कलम लावले, आणि कलम ४४ वरचा सर्वोच्च न्यायालयाचा १९९० सालचा गाजलेला निकाल तर एका पारशी कुटुंबाच्या घराचा आहे.

पण आमच्या वाचकांनी नेमका शब्द पाहावा : राहते घर. नुसत्या दुकानाला, गोदामाला, कारखान्याला हे संरक्षण नाही. खाली दुकान आणि वर बिऱ्हाड अशा वास्तूत कोणत्या भागाला काय लागू, यावर वकिलांना बोलायला भरपूर जागा आहे. एका हिस्सेदाराने रागाच्या भरात शेजारच्या स्पर्धक व्यापाऱ्याला दुकानातला चार आणे हिस्सा विकला, तर तो स्पर्धक तुमचा सहमालक झाला, असेच समजा.

यावर कोणी म्हणेल, आपल्याकडे शुफ्याचा हक्क आहे की! शरीअतीत शुफा आहे हे खरे. विक्रीची खबर लागताच मागणी, मग साक्षीदारांसमोर मागणी, मग दावा, असा त्याचा क्रमही ठरलेला आहे. परंतु शुफ्याचा कायदा भारतभर सरसकट लागू नाही. जुन्या मुंबई इलाख्यात तो मुख्यतः गुजरातेत, तेथील रूढीमुळे, मानला गेला. १९३७ च्या शरीअत कायद्यातील विषयांच्या यादीतही शुफ्याचे नाव नाही. तेव्हा कृष्णाकाठच्या कोर्टात शुफ्यावर भिस्त ठेवून बसणे धोक्याचे.

जो हक्क कायद्याने आपोआप मिळत नाही तो करारात लिहून मात्र मिळवता येतो. सर्वोच्च न्यायालयापुढे १९६० च्या दशकात कलकत्त्याचे एक प्रकरण आले होते, रामबरन प्रसाद विरुद्ध राम मोहित हाजरा. भावांच्या वाटणीच्या वेळी असे ठरले होते की, कोणाला आपला भाग विकायचा झाल्यास तो आधी दुसऱ्याला देऊ करावा. पुढे मिळकत दुसऱ्यांच्या हाती गेली आणि वाद झाला. हे कलम वैध आहे, आणि मूळ सही करणाऱ्यांपुरते न राहता त्यांच्या वारसांना व कलमाची माहिती असलेल्या खरेदीदारांनाही ते बांधते, असा निकाल लागला. आम्ही सर्व हिस्सेदारांना आग्रहाने सांगतो की, करारात दुसरे काही नसले तरी चालेल, पण हे एक कलम असावेच. विकणाऱ्याने किती दिवसांची लेखी नोटीस द्यावी, किंमत कोणी ठरवावी आणि पैसे किती मुदतीत द्यावेत, हे तीन मुद्दे त्यात स्पष्ट हवेत. 'वाजवी किमतीत' एवढेच लिहिले तर वाजवी म्हणजे किती यावरून नवे भांडण सुरू होते. आणि करार नोंदवलेला असावा, म्हणजे खरेदीदाराला 'मला ठाऊक नव्हते' म्हणायला जागा राहत नाही.

करारात बाकी काय असावे? आधी मिळकतीचे पुरे वर्णन, सिटी सर्व्हे नंबर, चतुःसीमा, घरपट्टीचा नंबर. मग प्रत्येकाचा हिस्सा अपूर्णांकात, आणि तो कोणाच्या वारशाने आला ते. कोणता मजला, कोणती खोली कोण वापरतो, आणि जो दुकान वापरतो तो इतरांना दरमहा काय देतो. हा शेवटचा मुद्दा आपल्याकडे लाजेखातर टाळला जातो. भावाने बहिणीला भाडे द्यायचे म्हणजे काय, असे बोलले जाते. पण करार नसेल तर आत बसलेल्या हिस्सेदाराकडून केवळ वापराबद्दल भाडे वसूल करणे बाहेरच्या हिस्सेदाराला कठीण जाते, आणि मग तिच्यापुढे वाटपाच्या दाव्याखेरीज दुसरा मार्गच उरत नाही. महिन्याचे हजार-दोन हजार वेळेवर पोचत राहिले तर दुकान शाबूत राहते. आयकराच्या दृष्टीनेही, हिस्से निश्चित लिहिलेले असले की भाड्याचे उत्पन्न ज्याचे त्याच्या खात्यात धरले जाते.

दुरुस्तीचा खर्च कोणी करायचा, हा प्रश्न सांगलीकरांना वेगळा समजावून सांगायला नको. २००५ आणि २०१९ च्या महापुरांत कृष्णेचे पाणी बाजारपेठेत शिरले, जुन्या भिंती फुगल्या, माल गेला. अशा वेळी जो जागेवर असतो तो खर्च करतो, आणि पुढे तोच खर्च 'तुझ्या दुकानासाठी केलास' म्हणून नाकारला जातो. ठराविक रकमेवरच्या खर्चाला किती हिस्सेदारांची संमती लागेल, खर्च कोणत्या प्रमाणात वाटला जाईल आणि विम्याचा हप्ता कोण भरील, हे आधीच लिहावे. महामार्गाच्या भूसंपादनाचेही तसेच. राष्ट्रीय महामार्ग कायद्यात मोबदल्याच्या वाटपाचा वाद निघाला तर प्रकरण दिवाणी न्यायालयाकडे जाते आणि तोवर पैसा अडकतो. हिस्से लिहिलेले असले तर वाद उरतच नाही.

धंदा आणि इमारत यांची गल्लत करू नये. दोघे भाऊ भागीदारीत दुकान चालवतात, पण इमारतीत बहिणींचाही हिस्सा असतो. इमारत भागीदारी पेढीची नाही, ती सर्व वारसांची आहे आणि पेढी फक्त वापरते, असे करारात आणि भागीदारीपत्रातही लिहावे. नाही तर पेढी मोडताना इमारतही त्या हिशेबात ओढली जाते.

पुन्हा कधीही वाटणी मागायची नाही, असे कायमचे कलम घालण्याचा मोह होतो. तसे कलम न्यायालयात टिकेलच याचा भरवसा नाही. पाच किंवा दहा वर्षांची मुदत घालावी, आणि मुदत संपली की पुन्हा बसावे.

सर्वांत नाजूक भाग अज्ञान वारसांचा, आणि याच ठिकाणी भल्या हेतूने केलेले करार कोसळतात. मुस्लिम कायद्यात अज्ञानाच्या मिळकतीचा पालक बाप, त्याने नेमलेला वसी, मग दादा आणि त्याने नेमलेला वसी. आई या यादीत नाही, चाचाही नाही. १९१८ साली इमामबंदी विरुद्ध मुतसद्दी या प्रकरणात प्रिव्ही कौन्सिलने आईने विकलेला मुलांचा हिस्सा त्यांना बंधनकारक नाही असे ठरवले. १९५२ साली महंमद अमीन विरुद्ध वकील अहमद या प्रकरणात अज्ञान वारसाच्या वतीने त्याच्या भावाने कौटुंबिक तडजोडीवर सही केली होती. सर्वोच्च न्यायालयाने तो लेख रद्दबातल मानला. म्हणून वारलेल्या भावाची मुले लहान असतील, तर १८९० च्या पालक व पाल्य कायद्याखाली जिल्हा न्यायालयातून पालक नेमून घ्यावा. न्यायालय आईलाही नेमू शकते. नेमलेल्या पालकालासुद्धा न्यायालयाच्या परवानगीशिवाय अज्ञानाचा हिस्सा विकता किंवा गहाण टाकता येत नाही, पाच वर्षांवर भाड्याने देता येत नाही. वेळ लागतो, मान्य. पण हा वेळ वाचवून केलेला करार मुले सज्ञान झाली की उलटू शकतो.

कुटुंबात तडजोड तोंडी झाली असेल आणि नंतर तिची केवळ आठवण म्हणून कागद केला असेल, तर त्याला नोंदणी लागत नाही, असे १९७६ च्या काळे विरुद्ध चकबंदी उपसंचालक या निकालात आहे. मात्र त्याच कागदाने प्रथमच हक्क दिले-घेतले जात असतील तर नोंदणी हवीच. दोन्हींतली रेषा फार बारीक आहे. कागद लिहिणाऱ्याला ती कळते का, हे आधी पाहावे.

दावा लागलाच तर रस्ता लांबचा. आधी प्राथमिक हुकूमनामा, मग कोर्ट कमिशनरची पाहणी, मग अंतिम हुकूमनामा. मिळकत वाटण्याजोगी नसेल तर लिलाव. एवढे खरे की उच्च न्यायालयातील अपिलासाठी आता मुंबई गाठावी लागत नाही. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला खंडपीठाचे काम सुरू झाले आहे आणि सातारा व सांगली हे दोन्ही जिल्हे त्याच्या कक्षेत येतात.

करारासाठी वकिलाकडे जाताना मालमत्ता पत्रक, घरपट्टीची पावती, मृत्यूचे दाखले आणि वारसांची पुरी यादी, मुलींसकट, सोबत न्यावी. आपल्या भागात आणखी एक गोष्ट शोधावी लागते. १९४८ च्या विलीनीकरणापूर्वी सांगली, मिरज, औंध, फलटण ही संस्थाने होती आणि त्या काळची खरेदीखते, वाटण्या पुष्कळदा मोडीत आहेत. घरातल्या पेटीत असा कागद असेल तर तो मोडी जाणणाऱ्याकडून वाचून घेऊन त्याची नक्कल करारासोबत जोडावी. आजोबांच्या वेळी एखादी वाटणी आधीच झालेली असते, आणि नातवंडांना तिचा पत्ताही नसतो.